चौदा नंबरची आजी

"शू रायक, राजन?" युसुफसाहेबांनी विचारलं, आणि केरूनं उघडलेलं तोंड मिटलं.

अकरा वर्षं हा प्रश्न त्याचा होता. फेब्रुवारी महिन्यात, शारजातल्या धैदच्या रस्त्यावरल्या त्या तबेल्यात, तीन वर्षांचे घोडे एकेक करून वाळूच्या रिंगणात मोकळे सोडत. ते आडव्या दांड्यांवरून उड्या मारत जात. सुदानचे युसुफसाहेब, म्हणजे तबेल्याचे मॅनेजर, कठड्याला टेकून उभे राहत आणि घोड्यावरची नजर न हलवता विचारत, तुझं मत काय? मग केरू सांगायचा. पगारपत्रकात तो नुसता मोतद्दार होता. दाणा-पाणी, खरारा, लीद. पण वर्षातून त्या एका सकाळी त्याच्या मतावर एक घोडा आयर्लंडच्या विमानात चढायचा.

अरबाबचे, म्हणजे तबेल्याच्या मालकांचे, घोडे वाळूवरच्या सपाट शर्यतीत पळत. तिथं मागं पडणारे सगळेच टाकाऊ नसतात. कुणाला दम असतो, पण तो उशिरा कळतो. असा एखादा निवडून दर वर्षी आयर्लंडला जायचा, तिथल्या ओल्या गवतावर अडथळ्यांच्या शर्यती पळायला. दोन मैल आणि वाटेत आठ-दहा कुंपणं. त्याला गडबड्या घोडा चालत नाही. आईचं घराणं बघायचं, पहिल्या दोन-तीन शर्यतींत शेवटाकडे तो थकत होता की पुढं येत होता ते बघायचं, आणि उडी मारण्याआधी तो विचार करतो का, ते बघायचं. हे केरूला कुणी शिकवलं नव्हतं. पुण्याजवळच्या एका स्टडफार्मवर वीस वर्षं घोड्यांच्या अंगाला अंग लावून तो शिकला होता.

आता मात्र राजननं हातातली प्लास्टिकची फाइल उघडली. अंगठा जिभेला लावून पान उलटलं. केरूला त्याची ती जीभसुद्धा आवडेना.

"साहब, नऊ नंबर," राजन म्हणाला. "मदर की साइड स्ट्राँग है. चौदा भी अच्छा है, लेकिन चौदा की नानी विंटर हेज. उसकी फॅमिली सब स्प्रिंटर. हजार मीटर के बाद खलास."

राजन सहा महिन्यांपूर्वी मुंबईहून आला होता. तिथं रेसची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचा. वय पस्तिशीचं, बोलणं मऊ. केरूला पहिल्या दिवसापासून 'नाना' म्हणायचा. केरू त्याला 'राजनराव' म्हणायचा, आणि त्या 'राव'वर जरा जास्तच जोर द्यायचा. युसुफसाहेबांच्या थर्मासमधला दुसरा कप पूर्वी केरूकडे यायचा. आता तो राजनच्या टेबलावर जायचा. कप साधा स्टीलचा होता आणि चहाही साहेब फार बरा करत नसत. तरी तो कप वाळूतून ऑफिसकडे जाताना दिसला की केरूच्या हातातला खरारा घोड्याच्या पाठीवर जरा जोरात फिरायचा.

पण त्या सकाळी राजननं 'विंटर हेज' म्हटलं आणि केरूच्या कानाला काहीतरी खटकलं. क्षणभरानं त्याला आतून असा आनंद झाला, जणू उपासाच्या दिवशी कुणी हातावर साखर ठेवली.

कागद चुकला होता.

केरू चौथीपर्यंत शिकलेला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. घोडा आला की तो ऑफिसातल्या माणसाकडून त्याचं घराणं एकदा वाचून घ्यायचा आणि त्याच दिवशी खरारा करता करता चालीत बसवायचा. गावाला रामनवमीच्या कीर्तनात बुवा सूर्यवंशाची नावं ज्या चालीत म्हणायचे, तीच चाल. दिलीपाचा रघु, रघूचा अज. माणूस विसरेल, पण चाल विसरत नाही, असं बुवा सांगायचे. असे पन्नासावर घोडे केरूच्या गळ्यात होते. चौदा नंबर तर त्याचा लाडका. काळपट कुमैत रंग, कपाळावर पांढरा ठिपका, आणि छातीवर देवमण, म्हणजे तो शुभ मानलेला केसांचा भोवरा. त्याची ओळ केरूला झोपेतही आली असती:

*चौदाची आई ब्रायर लेन, तिची आई विंटर रेन,*
*तिची आई कासल ग्रीन, जिचे नातू जिंकले तीन.*

विंटर रेन. तिचे तीन मुलगे आयर्लंडात अडथळ्यांवर जिंकलेले, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक. आणि हा शहाणा म्हणतो हेज.

तिथल्या तिथं सांगता आलं असतं. नुसतं जवळ जाऊन, अहो, ते नाव एकदा बघा. पण निवडीचा शेवटचा शब्द पुढच्या गुरुवारी अरबाब स्वतः येऊन देणार होते. केरूनं ते गुरुवारसाठी राखून ठेवलं.

आठवडाभर त्यानं ते पोटात बाळगलं. घोड्यावर बसणारा सियालकोटचा मुश्ताक तेवढा त्याच्या जवळचा, त्याला सांगितलं. मुश्ताकनं तंबाखू चोळत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उस्ताद, गलती है तो अभी बोल दो. बेचारा आपको नाना बोलता है." केरू म्हणाला, नाना म्हणायला पैसे पडत नाहीत.

मधल्या शुक्रवारी सुटीला शारजात एका खोलीत भजन होतं. हमरियातून, अजमानहून पोरं आली होती. राजननं पेटी धरली आणि गायला. आवाज असा, की दारातली माणसं चपला हातात घेऊन तशीच उभी राहिली. गेल्या वर्षीपर्यंत तिथं आधी केरूला म्हणायला सांगत. केरूनं टाळ धरला होता, पण दोनदा त्याचा ताल चुकला, आणि दोन्ही वेळा राजननं पेटीवर एक आवर्तन जास्त घेऊन त्याला परत वाटेवर आणलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. केरूच्या आलं. विठ्ठलाच्या तसबिरीपुढं बसून तो गुरुवारची वाट बघत होता, आणि त्याचं त्यालाच बरं वाटत नव्हतं. बुवा म्हणायचे, मत्सर पाहुणा म्हणून येतो नि घरजावई होऊन राहतो. तेव्हा सगळ्या मांडवाबरोबर केरूही हसला होता.

गुरुवारी अरबाब आले. रिंगणाशेजारी त्यांची खुर्ची ठेवली. नऊ नंबर उड्या मारून गेला, चौदा नंबर गेला. चौदा दांडीपाशी क्षणभर थांबल्यासारखा व्हायचा, मग मागचे पाय पोटाखाली घेऊन अशी उडी घ्यायचा, की वाळूसुद्धा उडत नसे. राजननं फाइल उघडून सांगितलं, नऊ. युसुफसाहेबांनी मान डोलावली.

"साब, कागज गलत है," केरू म्हणाला.

चौदाची दोरी हातात धरून तो पुढं आला होता. आवाज त्याला हवा होता त्याहून मोठा निघाला. "चौदा का नानी विंटर रेन है. हेज नहीं. ये नया आदमी है, इसको मालूम नहीं. मैं इस घोडे को सहा महिने का था तब से देखता है."

सगळे राजनकडे वळले. राजनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं कागदाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. कागदावर काय होतं ते त्याला दिसत होतं. ते बोट ठेवून दाखवता आलं असतं. कीर्तनात बुवांचा शब्द चुकला तर मागचा टाळकरी बोट दाखवत नाही, धृपद उचलतो, म्हणजे बुवांना आठवायला उसंत मिळते. राजननं फाइल मिटली.

"नाना म्हणतायत तर चेक करून घेऊ," तो मराठीतच म्हणाला, मग साहेबांना हिंदीत सांगितलं, की आयर्लंडच्या ज्या स्टडमधून चौदाची आई आली, तिथं तो आजच फॅक्स टाकेल.

अरबाब हसले. इन्शाल्ला शनिवारी ठरवू, म्हणाले आणि गाडीत बसले. त्या दुपारी थर्मासमधला दुसरा कप केरूकडे आला. साखर तळाशी तशीच राहिली होती. त्यानं बोट फिरवून तीही चाटली.

शनिवारी दुपारी केरू चौदाच्या पायांवर पाणी मारत होता, तेव्हा राजन ठाणाशी आला. हातात घडी केलेला फॅक्स होता.

"नाना, याची ती ओळ म्हणून दाखवता का? घराण्याची."

केरूनं पाइप खाली ठेवला. जिंकलेल्या माणसाला गायला लाज वाटत नाही. त्यानं चांगला आवाज लावून म्हटली. राजन मांडीवर बोटांनी ठेका धरून ऐकत होता.

"लेनला रेन," तो हळूच म्हणाला. "माझे वडील कीर्तनात पेटीला बसायचे, नाना. ते सांगायचे, बुवांच्या तोंडात यमक आधी येतं, नाव मागून."

केरूला आधी कळलं नाही. मग राजननं घडी उघडली आणि इंग्रजी ओळीवर बोट फिरवत वाचलं. ब्रायर लेन. तिची आई विंटर हेज.

केरू बादली उपडी घालून तिच्यावर बसला. अडीच वर्षांपूर्वीची ती दुपार त्याला दिसली. आधीच्या मल्याळी बाबूनं नावं वाचली होती. हेज, तो म्हणाला होता. खरंच हेज म्हणाला होता. आणि खरारा करता करता ओळ काही बसेना. हेज कशाला जुळेना. मग कधीतरी रेन आली आणि ओळ अशी झुलायला लागली, की केरूनं मागं वळून पाहिलंच नाही.

"साहेबांनी बघितला?" त्यानं विचारलं.

"नाही. मशीनपाशी मीच होतो." राजननं घडी पुन्हा घातली. "फॅक्स नीट आला नाही म्हणून सांगता येईल. तुम्ही म्हणताय तर चौदाला जाऊ दे. उडी सुंदर मारतो. तुमचा डोळा मी मानतो, नाना. आजी कुणी का असेना."

तो हसला असता तर बरं झालं असतं. 'बघा, म्हणत होतो ना' म्हणाला असता, तर केरूला त्याचा राग करता आला असता आणि त्या रागावर पुढची चार वर्षं काढता आली असती. पण राजनच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. हेही यालाच जमतं, केरूच्या मनात आलं. आवाज याचा, अक्षर याचं, आणि चांगुलपणासुद्धा यालाच दिला. माझ्यासाठी देवानं काय ठेवलं?

"आजी कुणी का असंना, असं म्हणायचं नाय," तो म्हणाला. "मग मी हितं अकरा वर्सं काय केलं?"

त्यानं हात पुढं केला. राजननं फॅक्स दिला. केरूनं हात पँटला पुसले, कागद ओला होऊ नये म्हणून दोन बोटांत धरला, आणि ऑफिसकडे गेला. राजन मागून येऊ लागला तेव्हा हातानंच त्याला थांबवलं.

युसुफसाहेब फोनवर होते. केरू उभा राहिला. फोन संपल्यावर त्यानं कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की कागद बरोबर होता, माझंच चुकलं. यमकाचं त्यानं सांगितलं नाही. सुदानी माणसाला ते कुठल्या भाषेत सांगणार?

साहेबांनी कागद वाचला. "माफी मुश्किला, केरू," ते म्हणाले, म्हणजे काही हरकत नाही. रागावले नाहीत. नुसता कागद वाचला, आणि खिडकीतून बाहेर बघत राजनला हाक मारली.

त्या वर्षी नऊ नंबर आयर्लंडला गेला. पुढच्या फेब्रुवारीपासून केरू रिंगणाच्या आत असायचा, घोडे सोडायला नि धरायला. कठड्याशी साहेब आणि राजन उभे असत. राजन मधूनच ओरडून विचारायचा, "नाना, डावा पाय कसा वाटतो?" केरू खरं तेच सांगायचा. पण ते दोघं कशावर तरी हसले की अजूनही त्याचा जबडा आवळायचा. तेवढं काही त्याच्यानं सुटलं नाही.

चौदा नंबर त्या निवडीनंतरच्या मार्चमध्येच दुबईच्या एका रायडिंग क्लबला गेला, शाळेतल्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवायला. पोचवायला केरूच गेला. क्लबच्या ऑफिसात विनिता नावाची मुंबईची बाई होती. मराठी ऐकून तिनं त्याला खुर्ची दिली आणि फॉर्म पुढं ओढला.

"नाव काय लिहू काका? नंबर नको, मुलांना हाक मारायला काहीतरी नाव लागतं."

केरू म्हणाला, तुम्हीच ठेवा. मग तिनं वय विचारलं, उंची विचारली, रंग विचारला, चावतो का विचारलं. केरूनं सगळं सांगितलं. तिनं पेनाला टोपण लावलं.

"त्याच्या आईचं लिहिलं न्हाई," केरू म्हणाला. "आई ब्रायर लेन. आईची आई..."

"त्याचा कॉलमच नाहीये काका. इथं काही रेस नाही ना पळायची."

"नसंना. बाजूला लिवा."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, टोपण पुन्हा काढलं आणि फॉर्मच्या कडेला, कोऱ्या जागेत, बारीक अक्षरात लिहू लागली. केरू खुर्चीतून अर्धा उठून पेनाच्या टोकाकडे बघत होता. बाहेर ट्रेलरमधून चौदानं एकदा खूर आपटला.

"आजी विंटर हेज," तो म्हणाला. "हेज. आता वाचून दाखवा."

तिनं वाचून दाखवलं. बरोबर होतं.