ओलं फडकं

मला राग लवकर येतो, हे आमगावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. औषध घेताना कोणी “थोडं जास्त टाका न जी” म्हटलं की मी बाटली सरळ फळीवर परत ठेवत असे. डॉक्टरांनी दोन चमचे लिहिलंय ना, मग दोनच चमचे. कंपाउंडरकी करताना मी डॉक्टरांच्या चिठ्ठीत कधी तसूभर फरक केला नाही, आणि त्याचा मला भारी तोरा होता. आता जे सांगतोय ते त्या तोऱ्याचंच आहे.

अठ्ठेचाळीस सालचा मे महिना होता. सिंधमधून जीव मुठीत धरून निघालेली माणसं बोटीने मुंबईला उतरत होती आणि तिथून रेल्वेने नागपूर, गोंदिया अशी पांगत होती. गोंदियात जागा उरली नाही, तेव्हा साठेक कुटुंबं आमच्याकडे पाठवली गेली. धानाचा हंगाम संपल्याने एक राईस मिल बंद होती. तिच्या गोदामात पोत्यांचे आडोसे करून त्यांना ठेवलं. कोपऱ्यात अजून कोंड्याचे ढीग पडलेले होते. गावाने तांदूळ दिला, जुनी लुगडी दिली. मी ज्यांच्याकडे कामाला होतो ते डॉक्टर रोज सकाळी तिथे फेरी मारत आणि मी पेटी घेऊन मागे असे.

दहाव्या दिवशी हैजा, म्हणजे कॉलरा, लागला. सकाळी सकाळी पंधरा-सोळा माणसं आडवी झाली. डॉक्टरांनी मिलच्या विहिरीत लाल औषध टाकलं, सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं आणि मला बाजूला घेतलं.

“केशोराव, माझ्याकडे सलाईनची एकही बाटली नाही. मी गोंदियाला जातो आणि संध्याकाळच्या गाडीने घेऊन येतो. तोवर ज्यांना उलट्या सुरू आहेत त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जाता कामा नये. जे पाजाल ते उलटून पडेल आणि पोट आणखी खवळेल. हे तुमच्यावर सोपवतो.”

जाताना त्यांनी आपला पांढरा कोट काढून मला दिला. लोक ऐकतील म्हणाले. बाह्या मला लांब व्हायच्या, त्या मी दुमडल्या. कोट घातला आणि खरं सांगतो, त्या मरणाच्या धावपळीतही मला बरं वाटलं. लोक मला “डॉक्टर साहब” म्हणू लागले. मी कोणाला दुरुस्त केलं नाही.

दारापाशीच्या आडोशात ईश्वरीबाई नावाची एक बाई होती. नवऱ्याला तिकडे दंगलीत मारलं होतं. थोरली मुलगी बोटीवर तापाने गेली होती. आता धाकटी जेठी तेवढी उरली होती, सहा-सात वर्षांची. ती पहाटेपासून आडवी होती आणि सारखी पाणी मागत होती.

“साहब, थोड़ा सा दूँ?” ईश्वरीबाईने विचारलं.

“बिलकुल नहीं. शाम को सलाईन आएगा. तब तक एक बूँद नहीं. पानी दिया तो लड़की जाएगी.”

तिने तांब्या उचलला आणि मुलीला दिसू नये म्हणून पोत्याच्या पलीकडे नेऊन ठेवला. मला त्या बाईचं कौतुक वाटलं. अशी ऐकणारी माणसं असली की काम सोपं होतं, असंही मनात आलं.

संध्याकाळची गाडी आली, पण डॉक्टर आले नाहीत. गार्डाकडून निरोप मिळाला, की गोंदियाच्या छावणीतही हैजा लागलाय, डॉक्टरांना तिथेच थांबवून घेतलंय, सलाईन नागपूरहून यायचंय. पाण्याबद्दल निरोपात काहीच नव्हतं. मी परत गेलो आणि तोच हुकूम पुढे चालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलमागे राहणारी जमुनाबाई पितळी गंज भरून पेज घेऊन दारात उभी राहिली. धानाच्या बांधीत राबून राबून रापलेली बाई, आवाज असा की गोदामाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. तिची नजर जेठीवर गेली. पोरीचे डोळे खोल गेले होते आणि बोटांची कातडी सुरकुतली होती.

“काऊन जी कंपोंडरसाहेब, पोरगी पानी मांगून राहिली न? देत काऊन नाही?”

“डाक्टरचा हुकूम हाये.”

“डाक्टर का इथं बसून पाहून राहिला? जीव सुकून राहिला तिचा. आमच्या घरी असं झालं का आमी मीठ टाकून पेज देतो. ओकलं तं आखीन देतो. थोडी थोडी पाजतो.”

“डाक्टर कोन हाये, तू का ते? गंज उचल अन् घरी जाय!”

सगळ्यांसमक्ष मी तिला असं हाकललं. ती मला दोन शिव्या घालून मागे फिरली, पण घरी गेली नाही. गोदामाच्या दुसऱ्या टोकाला टोपणदास नावाचा म्हातारा आपल्या आजारी नातवाला घेऊन बसला होता. तो पहिल्या दिवसापासून माझं एक अक्षर ऐकत नव्हता. थोड्या वेळाने बघतो तर जमुनाबाई त्या पोराला वाटीने पेज पाजत होती आणि आजूबाजूचे चार-पाच जण वाट्या घेऊन तिच्याभोवती जमले होते. मी धावत गेलो. टोपणदासने काठीच उचलली.

“मरना है तो पी के मरेगा! प्यासा नहीं मारूँगा मैं बच्चे को!”

“मरो मग!” मी मराठीतच ओरडलो आणि त्या बाजूला फिरकायचं नाही असं ठरवून परत आलो. पोरगा पेज ओकत होता, हे मी मुद्दाम वळून पाहिलं. बघा, म्हटलं ना!

इकडे ईश्वरीबाई सगळं पाहत होती. तिने वाटी मागितली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मला तिची दया आली. आपणही काहीतरी करतोय असं तिला वाटावं म्हणून मी म्हणालो, “होंठ गीले कपड़े से पोंछो. पर पूरा निचोड़ के.” तिने पदराचा तुकडा फाडला, भिजवला आणि दोन्ही हातांनी पिळपिळ पिळला. मग तो माझ्यापुढे धरून पुन्हा एकदा पिळून दाखवला. त्यातून थेंब पडला नाही. मी मान डोलावली.

दुपारपर्यंत जेठीचा आवाज बसला. पाणी मागायची ती ओठांनीच मागू लागली. मी दोनदा स्टेशनवर जाऊन आलो. नाडी बघत होतो, ती बोटाखाली लागेना. पेटीतल्या गोळ्या उलटीतून पडत होत्या. माझ्या हातात त्या अंगावरच्या कोटाशिवाय काही उरलं नव्हतं. जमुनाबाईला हाक मारावी असं एकदा अगदी ओठांवर आलं, हे मी कोणापाशी कबूल केलेलं नाही. पण सकाळी तिला सगळ्यांसमोर हाकललं होतं. आणि वर डॉक्टरांचा हुकूम होताच. चारच्या सुमाराला पोरगी गेली. आईच्या मांडीवर, फडक्याचं टोक ओठांत धरून.

डॉक्टर तिसऱ्या दिवशी दुपारी आले, सहा बाटल्या घेऊन. तोवर माझ्या बाजूची चार माणसं गेली होती. त्या टोकाला एक म्हातारी गेली होती, बाकीचे अंथरुणावर उठून बसले होते. टोपणदासचा नातू तर कोंड्याच्या ढिगावर खेळत होता. डॉक्टरांनी गोदामभर फिरून हे पाहिलं.

“त्या लोकांना काय दिलंत?”

“मी काही नाही दिलं. त्यांनी ऐकलं नाही. जमुनाबाईने पेज पाजली.”

“आणि या बाजूला?”

“थेंबही जाऊ दिला नाही, साहेब.”

डॉक्टरांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, “केशोराव, मी संध्याकाळपर्यंत म्हटलं होतं.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी कोट काढून त्यांच्या हातात दिला. आणि पायरीवर बसलो. ज्यांनी मला शिव्या दिल्या त्यांची माणसं वाचली होती, आणि जिने माझा शब्द झेलला तिच्या मांडीवर आता कोणीच नव्हतं.

आठवड्याने सरकारी हुकूम आला, की सगळ्यांना रायपूरकडच्या मोठ्या छावणीत हलवायचं. मी स्टेशनवर जाणार नव्हतो. पण औषधांची पेटी पोचवायला डॉक्टरांनी मलाच पाठवलं. गाडीला वेळ होता. मी पेटी डब्यात चढवून मागे फिरलो तोच ईश्वरीबाई समोर आली. हातात एक बोचकं होतं, बाकी काही नव्हतं.

“डॉक्टर साहब, एक बात पूछनी थी.”

मी डॉक्टर नाही, हे तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

“आपने जो बोला, मैंने वही किया. वो माँगती रही, मैंने एक बूँद नहीं दी. ये तो आपने देखा.”

“देखा.”

“पर आख़िर में...” तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. “आख़िर में मैंने कपड़ा ठीक से नहीं निचोड़ा. मन नहीं माना. उसने चूस लिया, साहब. दो-तीन बूँद गई होंगी. उसी से गई क्या वो?”

खरं काय ते एका दमात सांगता आलं असतं. पण ते ऐकून ही बाई ज्या गाडीत बसणार होती, त्या गाडीत तिचं म्हणावं असं कोणीच नव्हतं.

“नहीं बाई. उससे नहीं.”

“पक्का?”

“पक्का.”

तिने लांब श्वास सोडला. आठ दिवस अडलेला असावा. मग लहान मुलीने विचारावं तसं तिने विचारलं, “तो फिर किससे गई?”

गार्डाने शिट्टी वाजवली.

“हैजे से,” मी म्हणालो.

तिने मला हात जोडले, माझे उपकार मानले आणि ती डब्यात चढली.