आठवणी कळवा

रंगाच्या कारखान्याचे धाकटे मालक बाहेरून शिकून आले आणि आल्या आल्या त्यांना शोध लागला, की आपल्या कंपनीत कुणी कुणाशी बोलतच नाही. लोक इतकी वर्षं गेटवर, जेवणाच्या सुट्टीत, हात धुताना बोलतच होते. पण ते म्हणे खरं बोलणं नव्हे. मग सूचनाफलक भिंतीवरून उतरला. सगळ्यांचे फोन एका ग्रुपात कोंबले गेले. प्रत्येक विभागाला एक सामायिक पान मिळालं, त्यावर सगळ्यांनी एकदम लिहायचं आणि एकमेकांना अंगठे द्यायचे. बिचारे हेडक्लार्क कुणाच्या तरी सासऱ्याच्या निधनाला हसरा चेहरा टाकून मोकळे झाले.

शेवटी बाहेरच्या जगासाठीही कंपनीचं एक पान निघालं. ते सांभाळायला दिलं माझ्या भाचीला.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. भाऊ त्याच कारखान्यात मिक्सिंगला होता. एकदा टाकी आतून खरवडायला उतरला आणि वाफेने गुदमरून गेला. कंपनीने कागदावर हृदयविकार लिहिलं. पुढे पोरगी शिकल्यावर तिला तिथेच चिकटवून घेतलं. आता तिच्या पगारावर आमचं तिघींचं घर चालतं, तिचं, माझं आणि वहिनीचं. मी शिलाई करते, पण त्यात माझ्या चहाचा खर्च सुटला तरी पुष्कळ.

कंपनीला साठ वर्षं झाली तेव्हा धाकट्या मालकांनी त्या पानावर मोहीम काढली, ‘आठवणी कळवा’. लोकांनी कळवल्या. थोरले मालक किती प्रेमळ होते, सहलीला कशी मजा यायची, वगैरे. लोणी लावायला लोकांना कधी शिकवावं लागत नाही.

वहिनीला फोनवर लिहायला पोरीनेच शिकवलं होतं. एका दुपारी ती खिडकीशी बसून एका बोटाने फोन बडवत होती. मी दोनदा हाक मारली तर म्हणाली, "वन्सं, थांबा हो, शब्द पळतो." बऱ्याच वेळाने फोन माझ्यापुढे धरला. कंपनीच्या पानावर, सगळ्या गोडव्यांच्या खाली, तिने लिहिलं होतं :

‘माझे यजमान मिक्सिंगला होते. टाकी साफ करायला उतरले ते परत आले नाहीत. काम करताना गाणी म्हणायचे, शब्द सगळे चुकीचे. कुणाला आठवतात का?’

तक्रार नव्हती हो ती. माझा भाऊ खरंच भयंकर गायचा, आणि वहिनीला एवढंच हवं होतं, की कुणीतरी म्हणावं, हो, होता असा एक माणूस. मला रडू आलं. ती मात्र खुशीत होती. म्हणाली, "पोरीला सांगू नका. तिला आपोआप दिसेल."

दिसलं. संध्याकाळी पोरगी आली ती चपला न काढता माझ्यामागे स्वयंपाकघरात घुसली.

"आत्या, आईची कॉमेंट मी लपवली."

"लपवली म्हणजे?"

"तिला तिच्या फोनवर दिसत राहणार. बाकी कुणालाच दिसणार नाही. साहेब म्हणाले, काढून टाकली तर लोक बोंब मारतात, लपवली तर लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही."

"त्यांना माहीत आहे, ती तुझी आई आहे ते?"

"त्यांनीच मला बोलावून सांगितलं. म्हणाले, टाकीचा विषय इथे नको, आणि तुमच्या घरचं तुम्हीच बघा."

मी म्हटलं, "परत दाखव. आत्ताच्या आत्ता." ती म्हणाली, "दाखवते. मग उद्यापासून खायचं काय, ते तू सांग." मला राग तिचा नव्हता आला, पण निघाला तिच्यावरच. पातेलं असं आदळलं, की बाहेरून वहिनीने विचारलं, "काय झालं गं?"

तेव्हापासून रोज दुपारी भांडी आवरली की वहिनी फोन घेऊन बसायची. आधी म्हणायची, "लोक कामात असतील." मग म्हणायला लागली, "यांच्या विभागातले सगळे आहेत की इथे. लंबूभाऊजींनी तर फोटोसुद्धा टाकलाय." लंबू म्हणजे भावाचा टाकीवरचा जोडीदार, दारातून वाकून येणारा. भाऊ गेल्यावर कचेऱ्यांचे उंबरे आमच्यासाठी त्यानेच झिजवले होते. "सगळ्यांनी वाचलं असणार, वन्सं," वहिनी म्हणाली. "एकालाही एक शब्द लिहावासा वाटला नाही." तिचं जेवण कमी झालं. पोरगी मान खाली घालून आधी उठायची. मी दोघींच्या मध्ये बसून कुढायची.

एकदा बाजारात लंबू समोरून आला. "काय वहिनी, बऱ्या आहात ना?" वहिनीने त्याच्याकडे बघितलंही नाही, सरळ पुढे गेली. मी क्षणभर मागे राहिले आणि मग तिच्याच मागे चालू लागले.

रविवारी तो घरी आला. पोरगी घरीच होती. हात बांधून उभा राहिला. "वहिनी, माझं काही चुकलं का?"

"वाचलंत आणि गप्प बसलात, भाऊजी. बाकीच्यांचं सोडा, तुम्हीसुद्धा?"

"काय वाचलं?"

वहिनीने पान उघडून फोन त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं, मग खिशातून स्वतःचा फोन काढून तेच पान खाली-वर केलं. "माझ्यात नाही हे."

वहिनीने दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले. त्याच्यात त्याचा फोटो होता, वरचे गोडवे होते, खालचे गोडवे होते. तिचं तेवढं नव्हतं. तिने मान वर करून पोरीकडे बघितलं. पोरीला तोंड उघडावं लागलंच नाही.

"म्हणजे कुणी वाचलंच नाही," वहिनी हळूच म्हणाली. देवाशप्पथ सांगते, तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, जीव परत आला होता. ती लंबूकडे वळली. "भाऊजी, तुम्ही वाचलं असतं तर लिहिलं असतं ना काहीतरी?"

लंबू फोनकडेच बघत राहिला. "आठवतो हो तो. रोज आठवतो," तो म्हणाला. "पण तिथे नसतं लिहिता आलं, वहिनी. माझा पोरगा गेल्याच महिन्यात लागलाय मिक्सिंगला."

पोरगी रडत पुढे आली, "आई, मी दाखवते परत, आत्ता दाखवते, जाऊ दे ती नोकरी."

"गप्प बस," वहिनी म्हणाली. फोन पोरीपुढे धरला. "लिहायचं कसं ते शिकवलंस. पुसायचं कसं ते सांग."

पोरीने कुठे दाबायचं ते दाखवलं. खरंच पुसायचं का, असं फोनने विचारलं. वहिनीने ‘हो’वर बोट ठेवलं, फोन पालथा ठेवला आणि लंबूला म्हणाली, "बसा ना, भाऊजी. पोरगा सांभाळून उतरतो ना?"