श्रीपतच्या नाकावरचा वळ

मित्रांनो, चंद्रभागाबाईंच्या घरात कणगीवरच्या खुंटीला एक काळं, चामट तोंड लटकलेलं दिसतं ना, ते मी. मी एक जुना मुखवटा आहे. सोंगाड्याचा नव्हे, कारखान्यातला. दोन काचेचे डोळे, मागे पाच पट्टे आणि तोंडाला पत्र्याचा डबा. विषारी वायू त्या डब्यात अडायचा आणि गाळलेली हवा आत यायची. कामगार मला डुकराचं तोंड म्हणायचे. मी कधी राग मानला नाही. ज्याचा श्वास सांभाळायचा, त्याच्यावर रुसून कसं चालेल?

साठीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मोहोपाड्याजवळच्या एका कारखान्यात मी खोक्यातून बाहेर आलो. आम्ही तीन मापांचे होतो: मोठे, मधले आणि लहान. मी मोठ्यांतला. मुकादम कोंडाजीने मात्र हाताला येईल तो मास्क वाटून टाकला. "रबर हाय, ताणतंय. पट्टे आवळा म्हंजी झालं," एवढंच त्याचं शिक्षण. असा मी श्रीपतच्या वाट्याला आलो.

श्रीपत जवळच्याच गावचा. त्याच्या घरातला कारखान्यात लागलेला तो पहिलाच माणूस. सकाळी बुद्धांच्या तसबिरीला हात जोडून, इस्त्रीचा सदरा घालून निघायचा, जसा काही कचेरीतच चालला आहे. काम मात्र क्लोरीनच्या टाक्यांवर. त्याचा चेहरा चिंचोळा, गाल बसलेले. माझी कड त्याच्या हनुवटीला कधी धड टेकलीच नाही.

मला घालायची एक रीत आहे. आधी हनुवटी आत घालायची, मग खालचे पट्टे ओढायचे, मग वरचे. शेवटी डब्याच्या तोंडावर तळहात दाबून श्वास ओढायचा. मी गालांना घट्ट चिकटून राहिलो तर ठीक. कुठून सूं आवाज आला तर तिथे फट आहे. श्रीपत रोज न चुकता ही परीक्षा घ्यायचा आणि रोज हनुवटीपाशी सूं व्हायचं. मग तो पट्टे आणखी आवळायचा. त्यामुळे माझी कड दुमडायची आणि फट तिथून सरकून गालावर यायची. नाकाच्या दांड्यावर तेवढा लालभडक वळ उठायचा.

एकदा धीर करून तो कोंडाजीकडे गेला. "मुकादम, ह्यो लागतोय मला."

"नाजूक हाय रं तू," कोंडाजी म्हणाला. पाळीतली सगळी माणसं हसली. श्रीपतही हसला आणि मागे फिरला. मुकादमाच्या कपाटात खालच्या फळीवर माझा लहान मापाचा भाऊ कोराच पडून होता. फक्त मागायची खोटी होती. मला वाचा नव्हती, श्रीपतला होती. पण लोक पुन्हा हसतील म्हणून तो गप्प राहिला.

एका रविवारी त्याने मला धुवायला घरी आणलं. चंद्रभागाबाईंनी नवऱ्याचं नाक पाहिलं आणि त्या हळहळल्या. "अवं, पार सोललंय की नाक तुमचं." त्यांनी आपल्या जुन्या जांभळ्या लुगड्याची मऊ पट्टी फाडली, दुहेरी दुमडली आणि बारीक टाके घालत माझ्या कडेभोवती शिवली. "आता नाय लागायचं," त्या म्हणाल्या. इतक्या मायेने मला कुणी हाताळलं नव्हतं, आणि त्याच वेळी मी आतून घाबरून गेलो होतो. बाई, रबर उघड्या कातडीलाच धरतं हो. मध्ये कापड आलं की वायूला वाट मिळते. पण हे सांगू कसा?

दुसऱ्या दिवसापासून श्रीपतला टोचेना. टोचत नाही म्हणजे नीट बसला, असं त्याने धरलं आणि तळहात लावून बघायचंच सोडून दिलं.

चार महिने निभावले. मग एका दुपारी नळीचा सांधा सुटला आणि टाकीपाशी हिरवट-पिवळा ढग पसरला. श्रीपत मला चढवून सगळ्यांच्या आधी आत शिरला. माझ्यावर त्याचा पूर्ण भरवसा होता, हे आठवलं की आजही जीव कासावीस होतो. व्हॉल्व्ह फिरवता फिरवता त्याला ठसका लागला. त्याने तो पुरा बंद केला आणि तिथेच कोसळला. कोंडाजीने स्वतः मास्क घालून त्याला ओढत बाहेर आणलं, मला त्याच्या तोंडावरून काढलं आणि ती पट्टी पाहिली. रागाने त्याने ती ओरबाडून फेकली. "ह्ये कुनी लावलं?"

"मीच," खोकता खोकता श्रीपत म्हणाला. "घरी बोलू नका."

जीव वाचला, पण दम कायमचा गेला. नळावरून घरी येताना तो दोनदा बसायचा. त्याला फाटकावर बसायचं काम मिळालं. बायकोला त्याने सांगितलं, "रबर फाटलं व्हतं गं. तुझं कापड तर मी आदल्या दिवशीच काढलेलं." पुढे मी मोडीत निघालो, तेव्हा त्याने मला मागून घरी आणलं. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

चंद्रभागाबाई मला रोज बोल लावायच्या. "ह्या मेल्यानं माझ्या मानसाचा दम खाल्ला." मी ऐकून घ्यायचो. श्रीपतने माझ्यावर टाकलेलं ओझं मला मान्य होतं.

दहा-बारा वर्षांनी घर सारवताना त्यांनी मला खाली उतरवलं. पट्ट्याच्या बकलाखाली नखाएवढं कापड अडकून राहिलं होतं. बकलाखालचं अर्धं जांभळं, उघडं राहिलेलं अर्धं पांढरंफटक. नवऱ्याचे टाक्यांवरच्या कामाचे कपडे त्यांनीच धुतले होते. क्लोरीन रंगाचं काय करतो ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. रोजच्या वासाने कपडे फिके व्हायचे, असे पांढरेफटक कधी झाले नव्हते. त्यांनी माझी कड बोटांनी सावकाश चाचपली, पुन्हा पुन्हा. रबर कुठेच फाटलेलं नव्हतं.

श्रीपत ओट्यावर धाप टाकत बसला होता. त्यांनी तो तुकडा त्याच्यापुढे धरला.

"अवं, काढलं व्हतं म्हनालात ना?"

मग त्यांनी मला त्याच्या तोंडाला लावून पाहिलं; हनुवटीपाशी बोटभर फट राहिली.

"मोठं व्हत व्हतं तर दुसरं मागायचं व्हतं."

"हसली असती गं मानसं."

मित्रांनो, तुमचा श्वास ज्याच्या हवाली कराल, तो मापाचा आहे ना ते आधी बघा. लागत असेल तर लागतंय म्हणा, बदलून मागा, हसणाऱ्यांना हसू द्या. मऊ लागलं म्हणून फसू नका; तळहात लावून रोज तपासा.

चंद्रभागाबाईंनी मला पुसून पुन्हा खुंटीला टांगलं. त्या दिवसापासून त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. मित्रांनो, त्यांच्या शिव्याच बऱ्या होत्या.