दहा वाढदिवस

संगणकावर भौतिकशास्त्र करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद म्हणजे शे-दीडशे माणसं एका हॉलमध्ये आपापल्या पोस्टरशेजारी ताटकळत उभी. बावन्न नंबरच्या फळीशी मी होते, आणि माझा जीव टांगणीला लागला होता. माझी नोकरी दोन महिन्यांत संपणार होती. दुपारी दोनला भिंगवाल्या बाई पोस्टर बघायला येणार होत्या. त्यांच्या परदेशातल्या प्रयोगशाळेत एकच जागा होती. बाई आलेखावर खरोखर भिंग धरतात, भल्याभल्यांची भंबेरी उडवतात.

आठ महिन्यांच्या लेकीला सांभाळायला मावशी सोबत आली होती. तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. पोस्टरसुद्धा तिने आधी बोटांनी चाचपून पाहिलं.

"यात काय आहे गं?"

"नरसाळ्यातून दाणे ओतले की तोंडाशी अडकतात. तोंडाच्या जरा वर खुंटी बसवली की अडकत नाहीत. संगणकात दहा वेळा ओतून पाहिले. दर वेळी किती दाणे खाली पडत गेले, त्याच्या या दहा रेघा."

"मला तर एकच दिसते."

"एकावर एक आल्यात. उत्तर इतकं पक्कं आहे!"

मावशीने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "एकाच मापाचे दहा शर्ट मी शिवले तरी टाका इकडचा तिकडे होतोच. हे दहा नाहीत बाई. एकच आहे."

आता शिवणाऱ्यांनी मला आकडेमोड शिकवायची! माझा राग दोन मिनिटं टिकला, मग माझी चूक लक्षात आली. संगणक दाणे कसेही विखुरतो, पण त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो. आकडा तोच दिला तर विखुरणंही तेच. चाचणीच्या वेळी मी लाडाने लेकीची जन्मतारीख घातली होती, आणि ती बदलायची राहूनच गेली होती. दहाही वेळा तेच दाणे तसेच पडले होते.

साडेदहा वाजले होते. लॅपटॉप उघडून मी आमच्या विभागाच्या मोठ्या संगणकाला जोडला. "मावशी, नऊ आकडे सांग. कुठलेही!"

तिला कुठलेही आकडे सुचेनात. ती घरातल्यांचे वाढदिवस सांगत सुटली. आई, बाबा, दोन्ही मामा, काका, आत्या, मी, ती स्वतः. मग घुटमळली. "जावईबापूंचा घालतेस?"

"घालते गं!"

लग्नात तिने शिवलेल्या शर्टाची बाही माझ्या नवऱ्याने आखूड म्हटली होती. चार वर्षं झाली, मावशी त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

सव्वा वाजता रेघा आल्या. नऊ जरा मागेपुढे, पण छान वर गेलेल्या. दहावी मध्येच आडवी झाली होती. खुंटी असूनही दाणे अडकले होते. तारीख पाहिली, तर नवऱ्याची.

"मला मेलं नवल नाही वाटत," मावशी म्हणाली.

मी इतकी हसले की त्रेपन्न नंबरच्या गृहस्थांनी पाणी आणून दिलं. ती रेघ गाळली असती तर कोणाला कळणार होतं? खरं सांगते, हात तिथवर गेला होता. पण मावशी बघत होती. स्वागतकक्षातून आलेख छापून आणला, जुन्यावर टाचला, आणि बाई येताच घडलेलं सगळं सांगून टाकलं.

बाईंचं भिंग दहाव्या रेघेवर थांबलं, ते हलेचना.

"ही का अडकली?"

"माहीत नाही."

"मलाही नाही." त्यांनी भिंग खिशात टाकलं. "नऊ रेघांसाठी मला माणूस नको होतं. हिच्यासाठी हवंय. कधी येताय?"

मला आनंदाने रडूच आलं. बाई पुढे जाताच मी मावशीला मिठी मारली. मधे लेक चेमटली आणि किंचाळली.

"लागली नोकरी! त्या अडकलेल्या रेघेमुळे!"

"म्हणजे जावईबापूंच्या?"

"त्यांच्याच."

मावशीने त्या आडव्या रेघेवरून बोट फिरवलं. मग नाक ओढून म्हणाली, "सांग त्यांना, तो शर्ट घेऊन या म्हणावं. बाही लांब करून देते."