दुसऱ्यांदा पाहिलेल्या वाट्या

टिल्ली दुपारी झोपते ती पिवळ्या दुपट्यामुळेच, याबद्दल घरात दुमत नव्हतं. दुपटं सासूबाईंनी शिवलेलं. "माझ्या हाताला गुण आहे," असं त्या ज्याला त्याला सांगत, आणि बियाण्यांच्या प्रयोगशाळेत मोजणी करणारी त्यांची सूनही मान डोलवायची. एवढंच नाही, तिनं फ्रिजवर त्याचा कागदच लावला होता. दुपटं होतं की वाळत होतं, आणि टिल्ली झोपली की नाही, हे रोज त्यावर पेन्सिलीनं लिहायचं. सव्वा वर्षाच्या त्या बयेला आपल्यावर पाळत आहे हे अर्थातच ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी टिल्ली दुपट्यासकट टक्क जागी राहिली आणि वर खुदुखुदू हसली. आईनं तिचा पापा घेतला, कागदावर 'झोपली नाही' लिहिलं आणि पुढे कंसात 'दात'. लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा नवरा पाण्याची बाटली काढायला आला आणि कागद वाचत तिथेच उभा राहिला.

"चार तारखेला दुपटं होतं, झोपली नाही. कंसात 'सर्दी'. नऊला 'शेजारी ड्रिल'. आज 'दात'."

"मग? येतायत तिला दात."

"येतायत ना. पण अकराला दुपटं नव्हतं, झोपली नाही, तेव्हा दात कुठे गावाला गेले होते? तिथे कंस नाही."

"तू तुझ्या लिफ्टचं बघ."

"तेच सांगतोय. आमच्यातही असंच असतं. लिफ्ट चालली की आमच्या हातची कमाल, अडकली की व्होल्टेज!"

"माझ्या दुपट्याला नावं ठेवणाऱ्यांनी रात्रीचं जेवण आपापलं बघावं!" आतून सासूबाईंचा आवाज आला.

सगळे हसले. तीही हसली, पण तिची पेन्सिल हातातच राहिली. तिनं रबर आणून एकेक कंस खोडला आणि मोजलं. दुपट्याचे पंधरा दिवस, त्यांत झोपली दहा. बिनदुपट्याचे नऊ, त्यांत सहा. दोन्हीकडे तीनांतले दोन. चोवीस दिवस तिनं हे स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, आणि तिला काय दिसत होतं, तर सासूबाईंच्या हाताचा गुण.

टिल्लीला खांद्यावर टाकून थोपटताना तिला प्रयोगशाळेतलं भिंग आठवलं.

प्रयोगशाळेत दोन वर्षं एकच काम चाललं होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे तिथल्या प्रमुखांनी, बियाण्यांसाठी पाण्यासारखा रंगहीन लेप शोधला होता. काचेच्या दहा वाट्यांत लेप दिलेलं बियाणं, दहांत साधं, वाटीत पन्नास बिया. सातव्या दिवशी किती रुजल्या ते मोजायचं. झाकणांवर चिठ्ठ्या: 'लेप', 'साधं'. जवळजवळ दर खेपेला लेपवाल्या शंभरांत दहा-बारा जास्त रुजत. मोजणी सगळी तिचीच; तिच्या बाळंतपणात खेपाच थांबल्या होत्या. पण लेपाच्या वाटीत एखादी बी मख्ख दिसली, तर ती सुईनं हलकेच उलटवून पाहायची, मूळ खालच्या बाजूला तर नाही ना? बऱ्याचदा असायचं. साध्या वाटीतल्या मख्ख बीला मात्र ती मख्खच म्हणायची आणि झाकण लावायची.

शुक्रवारी अहवाल जाणार होता. शेवटची मोजणी गुरुवारी. तिच्या नोकरीचा करारही याच महिन्यात संपत होता, आणि त्यावर सही मोठ्या बाईंची. बाळंतपणात आठ महिने तिची जागा त्यांनीच भांडून राखली होती. अशा माणसाला काय सांगायचं? रात्रभर तिनं कूस बदलली. सकाळी उठली ती ठरवूनच.

"तू खोटं लिहिलंस?" मोठ्या बाईंनी चष्मा काढून विचारलं.

"एकही नाही, बाई. लिहिलं तेवढं प्रत्येक मूळ होतं. पण दुसऱ्यांदा पाहिलं ते फक्त लेपाकडे."

"दोन वर्षं मोजते आहेस. माझा तुझ्या नजरेवर विश्वास आहे."

"माझा उडालाय."

"अगं, आई झालीस की असं होतं. झोप नाही, जिवाला घोर."

"झोप नाही हे खरं," ती म्हणाली. ती खुर्चीतून उठली नाही. "पण मागच्या वर्षी एका खेपेला साधं बियाणं वरचढ निघालं, तेव्हा आपण म्हटलं, वाट्या ठेवायचं उबेचं कपाट बिघडलं असेल. ती खेप रद्द केली. लेप जिंकला तेव्हा कपाट कुणी तपासलं, बाई?"

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांची सात वर्षं त्या लेपात होती.

"गुरुवारी तुला हवं तसं मोज," त्या शेवटी म्हणाल्या. "आकडा तोच येईल. मग माफी माग."

तिनं चहाच्या मावशींना गाठलं. मावशींनी प्रत्येक झाकणावरची चिठ्ठी कोऱ्या कागदानं झाकली, वर मनाला येईल तो आकडा टाकला आणि कुठला आकडा कशाचा, ती यादी स्वतःच्या डब्यात कुलपाआड ठेवली.

गुरुवारी ती भिंगाशी बसली. नियम एकच: मख्ख दिसेल ती प्रत्येक बी उलटवायची. सोपं वाटलं होतं, पण मन ऐकेना. सातव्या वाटीला ते म्हणालं, ही लेपाचीच. अकराव्याला म्हणालं, ही साधी, उगाच वेळ घालवू नकोस. हात झाकणाकडे गेला. तिनं तो मागे घेतला आणि बी उलटवली. खाली पांढरं मूळ होतं, नखाएवढं. अशी किती मुळं आपण झाकणाखाली तशीच ठेवली असतील, या विचारानं तिचे डोळे भरले. भिंगातून काही दिसेना, तेव्हा ते पुसून पुन्हा सुरुवात केली.

मध्येच मावशी चहा घेऊन आल्या.

"मावशी, अकरा नंबर कुणाचा हो?"

"माझं खरं वय अजून नवऱ्याला सांगितलेलं नाही. तुला वाटी सांगेन होय? चहा पी."

चार वाजता डबा उघडला. लेपाच्या पाचशेत रुजल्या चारशे एकतीस, साध्या पाचशेत चारशे सत्तावीस.

मोठ्या बाईंनी बेरीज स्वतः केली, मग पुन्हा केली. त्या उठून आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं. ती बाहेर बाकावर बसून राहिली. घरी टिल्ली वाट पाहत असेल हे कळत होतं, तरी हलली नाही.

अर्ध्या तासानं दार उघडलं.

"ती रद्द केलेली खेप," मोठ्या बाई म्हणाल्या, "तिचे कागद आहेत की फेकले?"

"आहेत. खालच्या खणात."

"आण. तीही अहवालात जाईल. लेपाचा गुण सिद्ध झालेला नाही, असं लिहिते. पुढच्या खेपांना चिठ्ठ्या मावशीच झाकतील." त्यांचा आवाज कोरडा होता आणि डोळे लाल. मग त्यांनी टेबलावरचा कराराचा कागद ओढला, सही केली आणि मान वर न करता पुढे सरकवला. "नीट वाच. दोन्ही बाजू."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. नवऱ्यानं सकाळीच फ्रिजवर नवा कागद लावला होता. नियम असा की नाणं उडवायचं, छापा आला तर दुपटं, काटा आला तर नाही. आणि कंस बंद.

"छापा आला," सासूबाई विजयी मुद्रेनं म्हणाल्या, "आणि दोन तास झोपली! बघ!"

"एकच दिवस झालाय, आई," ती टिल्लीला कडेवर घेत म्हणाली. "उद्या पुन्हा उडवू."