सव्वा इंच

विमा कंपनीचा सर्व्हेअर तासभर गाडीभोवती घिरट्या घालून, कागदावर 'टोटल लॉस' लिहून निघून गेला. ताई त्याच्या पाठीकडे बघत एवढंच म्हणाली, "बघू." तीस वर्षं ब्लाउज शिवताना तिने दुसऱ्याने सांगितलेल्या मापावर कधी कात्री चालवली नव्हती. गाडीच्या बाबतीत ती सवय मोडायचं तिला काही कारण नव्हतं.

गाडी चौदा वर्षांची. सिग्नलला उभी असताना मागून ट्रक आदळला. ताईला साधं खरचटलं नाही, पण डिकी पार मागच्या सीटला येऊन टेकली. ताईचे पाय लहानपणीच पोलिओने गेलेले, म्हणून गॅरेजच्या मिस्त्रीने या गाडीला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायचे दांडे स्वतः बसवून दिले होते. त्याआधीचं तिचं निम्मं आयुष्य थोरल्या भावाच्या 'पाच मिनिटांत आलोच'वर गेलेलं. दादाची पाच मिनिटं म्हणजे पाऊण तास. माया उदंड, पण घड्याळाशी उभा दावा. लोकांच्या पायऱ्यांवर कुबड्या सांभाळत बसायचा तिला मनापासून वीट आला होता. ते दिवस तिला परत नको होते.

दादा आता गॅरेजात तिच्या शेजारीच उभा होता. "गेली ती गेली. आता पुरे झालं तुझं ड्रायव्हिंग. रोज मी सोडत जाईन," तो म्हणाला.

"आधी मापं होऊ देत," ताई म्हणाली.

मिस्त्रीने गाडी लिफ्टवर चढवली. "खालचा सांगाडा सरळ असला की झालं. वरच्या पत्र्याचं मी बघतो," तो म्हणाला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपं माप, मग उलट बाजूने तिरपं. दोन्ही सारखी भरली तर गाडी वाचली. टेपचं एक टोक दादाला धरायला लावलं. पहिलं माप झालं, दुसरं झालं.

"सारखी आहेत, ताई. गाडी सरळ आहे."

दादाचं तोंड उतरलं. ताईच्या मनात आनंदाची अशी काही उकळी फुटली, की तिथल्या तिथे मिस्त्रीला मिठी मारावी. पण डोळ्यांनी पाहिलेलं काही पुसता येईना. दुसऱ्या मापाच्या वेळी टेपला पोट आलं होतं.

"मिस्त्री, टेप सैल होता."

"नाही हो, ताई."

"पुन्हा धरा. ताणून."

मिस्त्री तिच्याकडे न बघता वाकला. या खेपेला टेप ताठ राहिला, आणि माप सव्वा इंच कमी भरलं.

"मी ओढून सरळ करतो," मिस्त्री शेवटी म्हणाला. "तुम्हाला परत कुणाच्या तोंडाकडे बघत बसलेलं मला बघवणार नाही."

"दिसायला सरळ होईल, मिस्त्री. उरेबात, म्हणजे तिरपं ताणलेलं कापड इस्त्रीने सरळ दिसतंच की. एक धुणं झालं की पुन्हा वाकडं. तिठ्यावर ब्रेक दाबला आणि गाडी भलतीकडेच ओढली, तर?"

मिस्त्रीने टेप गुंडाळला. या गाडीने ताईला माणसांत आणलं होतं, आणि आता त्याच गाडीला ती भंगारात जायला सांगत होती.

"भंगारात द्या," ती म्हणाली. "दांडे तेवढे काढून ठेवा."

दादाने सुटकेचा निःश्वास टाकला. "शहाणी आहेस. उद्या किती वाजता येऊ सोडायला?"

"नऊला ये. पण सोडायला नाही, माझ्याबरोबर गाड्या बघायला."

दादाचा आवाज चिरकला. "त्या दिवशी मला फोन आला, तेव्हा चप्पल न घालता धावत सुटलो मी. जिवंत सापडतेस की नाही, कळत नव्हतं. माझं काय झालं असेल, कळतं का तुला?"

"कळतं, दादा," ताई म्हणाली. तिने कुबड्या काखेत घेतल्या आणि ती उभी राहिली. "म्हणून तर ही गाडी सोडली. चालवणं सोडलेलं नाही."