शोधात सापडणारी अंजनी

समाजाची वधू-वर साइट विनय फुकटात सांभाळायचा. फुकटच्या नोकराला मालक फार, त्यामुळे रोज कोणाची ना कोणाची कटकट असायचीच. पण रविवारी सकाळी लहानूकाका जबलपूरच्या गढा भागातून चालत आले, ते हात जोडूनच.

"बेटा, अंजनीचं नाव काढून टाक. लोकायचे फोन येऊन राहिले."

अंजनी त्यांची एकुलती एक. दीड महिन्यापूर्वी रिछाईच्या वळणावर ट्रकनं तिची स्कूटी उडवली. साइटवर मात्र ती अजून उपवरच होती.

विनयनं साइटच्या एपीआयला, म्हणजे आतल्या यंत्रणेला, एक ओळ धाडली: या क्रमांकाची नोंद शोधातून काढ. लगेच उत्तर आलं: काढली. "झालं, काका," तो म्हणाला. आपल्या हातून काहीतरी झालं, याचं त्याला बरं वाटलं.

सोमवारी काकांचा फोन. गोंदियाहून पुन्हा स्थळ आलं होतं. विनयनं शोधून पाहिलं, तर अंजनी हसत समोर. क्रमांक मात्र वेगळा. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. परिचय मेळावा भरला की आपल्याकडे मुलीचा बाप नवा फॉर्म भरतोच. जुना आहे म्हटलं तरी ऐकत नाही. शिळ्या फॉर्मला ताजं स्थळ कसं येईल? काकांनी सात वर्षांत सात भरले होते, आणि सातही फॉर्मांत अंजनी सत्तावीसचीच. विनयला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. उरलेले सहाही त्यानं काढले.

बुधवारी ती परत दिसली. शोधयंत्रच बिघडलं समजून त्यानं तासभर डोकेफोड केली. यंत्र ठणठणीत होतं. आठवा फॉर्म त्याच दिवशी सकाळी भरलेला होता, अंजनीच्या आईच्या, लीलाकाकूंच्या मोबाइलवरून. अपेक्षांच्या रकान्यात लिहिलं होतं: मुलगा जबलपूरचाच हवा, पोरगी दूर द्यायची नाही.

त्यानं काकांना फोन लावून कसंबसं सांगितलं.

"फॉर्मचं मले माहीत नव्हतं," ते म्हणाले. "पण फोन तीच उचलते. काल सिवनीवाल्यांशी अर्धा तास बोलली. पोरगी ऑफिसला गेली म्हणे. महिन्याभरात तेवढंच काय ते बोलली."

"मग राहू देऊ का, काका?"

"त्या लोकायचा काय दोष? उगाच आस लावून बसतील बिचारे. पूस, बेटा."

विनयनं ओळ लिहिली. याहून सोपं काम त्याच्या धंद्यात नव्हतं, आणि बोट काही पुढं होईना. त्याला काकूंची दया आली, काकांची आली, आणि स्वतःचा संताप आला. शेवटी त्यानं बटण दाबलं. उत्तर आलं: काढली.

चार वाजता नववा फॉर्म आला. फोटो तोच, सगळं तेच. बदलला होता फक्त अपेक्षांचा रकाना: दूरचं स्थळही चालेल.